हवा बारावरून आठवर आणली, त्याची गोष्ट

कुणाच्या घरी मशीन बसवायला गेले की मी आधी उंच पेलाभर पाणी मागते आणि पिशवीतून स्ट्रॉ काढते. घरच्यांना वाटतं, ताई उन्हातून आल्यात, तहान लागली असेल. मी तो पेला पेशंटच्या हातात देते. म्हणते, नळी दहा सेंटीमीटर खोल बुडवा आणि हळू फुंका. खालच्या टोकातून पहिला बुडबुडा सुटेल एवढाच जोर लावा. बुडबुडा सुटला की सांगते, "हे झालं दहाचं प्रेशर. मशीन झोपेत तुमच्या घशात एवढ्याच जोरानं हवा धरून ठेवणार. यात घाबरण्यासारखं काही आहे का?" बहुतेक जण हसतात. मास्क बघून भेदरलेला माणूस एकदा हसला की माझं अर्धं काम होतं.

हे मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. परंड्याच्या शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांनी सलाइनची जुनी नळी आणि रंगीत पाणी घेऊन दाब म्हणजे काय ते दाखवलं होतं. प्रयोगशाळा म्हणजे एक कुलपातलं कपाट होतं आणि किल्ली बहुधा हेडमास्तरांकडे असायची, म्हणून सर सामान घरून आणायचे. वडील अडत बाजारात हमाली करायचे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, बी.एस्सी. फिजिक्स. तिचं पुढे काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. नोकरी शोधत मावसबहिणीकडे पिंपरीला आले आणि श्वासाची मशीनं विकणाऱ्या एका डीलरकडे लागले. त्याला सतरा वर्षं झाली. सरांची ती नळी मी रोज वापरते, हे त्यांना कधीतरी सांगायला हवं होतं. राहून गेलं.

ज्यांना हे मशीन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काही माणसांचा घसा झोपेत सैल पडतो आणि श्वासाची वाट बंद होते. दहा-वीस सेकंद श्वास अडतो, मग मेंदू दचकून जागा होतो, माणूस जोरात हिसका देऊन श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. तो म्हणतो, मी आठ तास झोपलो. पण दिवसभर डोळे मिटत असतात. सीपॅप मशीन नळी आणि मास्कमधून हवा देतं, त्या दाबानं घशाची वाट उघडी राहते. यात वेगळा ऑक्सिजन वगैरे काही नसतो, खोलीतलीच हवा असते. दाबाचा आकडा चार ते वीसच्या मध्ये असतो. प्रत्येकाच्या घशाला किती लागतो ते झोपेच्या तपासणीत कळतं आणि डॉक्टर तो लिहून देतात. मशीनची दोन बटणं एकत्र दाबून धरली की एक आतला मेनू उघडतो, तिथे तो आकडा भरायचा. मेनू कसा उघडायचा हे पेशंटला सांगायचं नाही आणि आपणही डॉक्टरांना विचारल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम.

ओलावा मात्र पेशंटच्या हातात असतो. मशीनला पाण्याची छोटी टाकी जोडतात, खालची पट्टी ते पाणी कोमट करते आणि हवा त्यावरून जाताना ओलसर होते. कोरडी हवा तासन् तास नाकात गेली तर नाक सुकतं, चोंदतं, कधी रक्तही येतं. पण जास्त ओलावा घेतला आणि खोली गार असली, तर नळीतच पाणी जमतं. वाकडला एका सोसायटीत चौदाव्या मजल्यावर एक आयटीतले गृहस्थ होते. एसी अठरावर, ओलावा शेवटच्या आकड्यावर. त्यांच्या पत्नी मला दारातच म्हणाल्या, "मॅडम, यांचं घोरणं थांबलं, पण आता हुक्का सुरू झालाय. आणि पहाटे ह्यांच्या तोंडावर पिचकारी उडते." एसी चोवीसवर नेला, ओलावा दोननं कमी केला आणि नळी गार पडू नये म्हणून जुन्या ट्रॅकपँटचा पाय कापून तिला घालायला दिला. हुक्का थांबला.

पाण्याचे तर प्रकारच प्रकार. टाकीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आणि तेही रोज बदलायचं. भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्यांनी फोर्कलिफ्टच्या बॅटरीत घालायचा कॅनच घरी आणला होता. "डिस्टिल्डच तर आहे, तुम्हीच सांगितलं होतं," म्हणाले. पाणी डिस्टिल्ड असेलही, पण त्या कॅनमध्ये आधी काय होतं ते कुणी सांगावं? चिंचवड गावठाणातल्या एका आजींनी मुलाच्या टाकीत तुळस, ओवा आणि नीलगिरीचे चार थेंब घातले. "नुसतं पाणी काय हुंगायचं बाळ, काहीतरी गुण नको का त्यात?" हे तेल थेट फुप्फुसात जातं, हे त्यांना पटवायला मला एक चहा आणि दोन वेळा पोहे लागले.

असे किस्से मी हसत सांगते. सोपानरावांचा मात्र कधी कुणाला सांगितला नाही. आज लिहायला बसले आहे तर तोच लिहायला हवा.

सोपानराव चाकणजवळच्या गावचे. घरची थोडी शेती, ती थोरले भाऊ बघायचे, आणि हे कंपनीच्या कामगारांना नेणारी बस चालवायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, मान जाड, मिशी भरघोस. वीस वर्षं स्टिअरिंगवर, एकही अपघात नाही. पण एका दुपारी निघोज्याच्या वळणावर त्यांना डुलकी लागली आणि बस रस्त्याकडेच्या मातीच्या ढिगात शिरली. आत चाळीस कामगार होते. कुणाला खरचटलंही नाही. बसच्या मालकांनी, ज्यांना सगळे शेठ म्हणायचे, सोपानरावांना आमच्या चिंचवडच्या डॉक्टर मॅडमकडे पाठवलं. तपासणीत निघालं की त्यांचा श्वास तासाला अठ्ठेचाळीस वेळा अडतो. डॉक्टरांनी प्रेशर बारा लिहिलं आणि सांगितलं, महिनाभर मशीन नीट वापरा, मशीनमधल्या कार्डावरची नोंद दाखवा, मग गाडी चालवायला योग्य असल्याचं पत्र देते. तोवर शेठनी त्यांना पार्किंगच्या फाटकावर बसवलं, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या नोंदी करायला.

मी मशीन बसवलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, प्रेशर म्हंजी काय ते मला नका शिकवू. आमच्या गाडीचा ब्रेक हवेवरच चालतो. काटा खाली असला तर गाडी जागची हलवत न्हाई आमी."

मला बरं वाटलं. समजूतदार माणूस आहे, म्हटलं, त्रास होणार नाही.

आठव्या दिवशी त्यांच्या पत्नीचा, अलकाताईंचा फोन आला. गेले तर सोपानराव ओट्यावर बसलेले, डोळे लाल. "न्हाई जमत, ताई. हवा लय जोरात येती. नाक वाळून कोळ झालंय. काल रक्त आलं. दोन तासांत मास्क काढून फेकतो बघा." मशीनवर बघितलं तर रोजची नोंद दोन तास, दीड तास, दोन तास. चार तासांच्या खाली असेल तर पत्र मिळणार नव्हतं.

"जरा सोसा की," मी म्हटलं.

"सोसतोय की. फाटकावर पोरं इचारत्यात, ड्रायव्हर, आज कुठल्या गाडीचा नंबर लिवला? वीस वरीस गाडी चालिवली मी, ताई. नंबर लिवायला बसलो आता."

अलकाताई चहा घेऊन आल्या. "ताई, थोडी हवा कमी करा की. तुमच्या हातात हाय म्हनं."

मी डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या परगावी गेल्या होत्या, लागला नाही. मी दहा मिनिटं तशीच बसले. त्या वेळी नोकरीत मला चार वर्षं झाली होती, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याचे ते दिवस. मी दोन बटणं दाबून धरली, मेनू उघडला आणि बाराचं आठ केलं. मास्क लावून बघितल्यावर सोपानरावांचा चेहरा मोकळा झाला. "आत्ता कसं! ही हवा मानवली." डॉक्टरांना उद्या सांगू, असं ठरवून निघाले. दुसऱ्या दिवशी दुसरं काम निघालं, मग आठवड्यानं सांगायची लाज वाटायला लागली.

आज कुणी शिकाऊ मुलगी माझ्यासोबत असती तर तिला मी त्या खोलीत काय बघायला सांगितलं असतं? पहिलं, मशीनला पाण्याची टाकीच नव्हती. घेताना ती नको म्हणाले होते आणि मीही आग्रह केला नव्हता. दुसरं, पत्र्याची खोली, उशाला पंखा, थंडीचे कोरडे दिवस. तिसरं, मिशी. मास्कची कड मिशीवर बसत होती आणि फटीतून हवा निसटत होती. निसटलेली हवा भरून काढायला मशीन आणखी हवा ढकलत होतं आणि नाक आणखी वाळत होतं. त्यांना त्रास कोरड्या हवेचा आणि गळतीचा होता. बाराचा आकडा बरोबर होता. मी नेमका बरोबर होता तोच बदलला.

त्यानंतर तास वाढले. सहा, साडेसहा, सात. सोपानराव दर दोन दिवसांनी स्क्रीनचा फोटो पाठवायचे. तासांपुढे हसरा चेहरा यायचा, तोही त्यात असायचा. महिना भरत आला तेव्हा त्यांनी कार्ड ऑफिसला पाठवलं आणि फोन केला, "शेठला नुसतं तास बघायचंत. तेवढं पान पाठवा. सोमवारपास्नं गाडी देतो म्हनले." कार्डाची नोंद दोन पानांची निघते. पहिल्यावर तास आणि दुसऱ्यावर झोपेत श्वास किती वेळा अडला ते. मी दुसरं पान न उघडता पहिलं पाठवून दिलं. डॉक्टरांचं पत्र पुढच्या आठवड्यात येईल, असं सोपानराव म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी ऑफिसमध्ये डॉक्टरांसाठी फाईल लावताना दुसरं पान समोर आलं. तासाला एकोणीस. पाचच्या आत हवं होतं. अठ्ठेचाळीसचे एकोणीस झाले होते, म्हणून तर त्यांना तरतरी वाटत होती. पण दर तीन मिनिटांनी एकदा त्यांचा घसा अजून बंद होत होता, आणि सोमवारी सकाळी हा माणूस चाळीस जणांना घेऊन रस्त्यावर येणार होता. तेही माझ्या पानावर.

फोनवर सांगता आलं असतं. पण माझीच चूक मी फोनवर सांगून मोकळी झाले असते, तर मला परत त्या घरात पाय ठेवता आला नसता. रविवारी सकाळी चाकणची बस धरली.

गावात पोचले तर बस त्यांच्या दारात उभी. सोपानराव नळीनं काचा धूत होते. पुढच्या काचेला झेंडूचा हार, बोनेटवर हळदीकुंकू. त्यांचे थोरले भाऊ नारळ फोडायच्या तयारीत. मला बघून सोपानराव खूश झाले. "या, या, ताई! टायमाला आलात. तुमच्याच हातनं नारळ फोडू."

"सोपानराव, उद्या गाडी काढू नका."

नळीचं पाणी तसंच वाहत राहिलं. मी सांगितलं. हवा मी डॉक्टरांना न विचारता कमी केली, दुसरं पान मी वेळेवर बघितलं नाही, आणि त्या पानावर काय आहे. सगळं एका दमात सांगितलं, मध्ये थांबले असते तर सांगता आलं नसतं.

थोरले भाऊ आधी बोलले. "आता सांगताय व्हय? महिना झाला त्याला फाटकावर बसून. शिकली-सवरलेली मान्सं तुमी!"

सोपानरावांनी नळ बंद केला. "पर मला बरं वाटतंय, ताई. दिवसा डुलकी येत न्हाई आता. खोटं न्हाई बोलत."

"बरं वाटत असेल, खरंय. पण पुरेसं बरं नाही झालेलं."

"कागद सांगतो तसं. मी सांगतो त्याचं काय?"

मी दारात उभ्या अलकाताईंकडे बघितलं. "मास्क लावल्यावर झोपेत ते हिसका देतात का हो अजून?"

त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. सोपानराव म्हणाले, "सांग की. न्हाई म्हणून सांग."

"देत्यात," त्या म्हणाल्या. "पयल्याइतकं न्हाई. पर मधीच घुसमटल्यावानी करत्यात. मी मोजते पडल्या पडल्या."

"मग मला का न्हाई बोललीस?"

"गाडी मिळत हुती ना तुमाला."

सोपानराव बसच्या पायरीवर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी पयल्याच दिशी बोललो हुतो तुमाला. काटा खाली असला तर गाडी हलवत न्हाई आमी. अन् मीच काटा खाली करून मागितला. तुमी कशाला दिलात, ताई?"

सतरा वर्षांत माझ्यावर ओरडलेली पुष्कळ माणसं आहेत. सोपानरावांचं यातलं एकही वाक्य मोठ्यानं नव्हतं.

त्यांनी स्वतःच शेठना फोन लावला. "उद्या न्हाई जमायचं. मशीनची हवा कमी हुती." कुणी कमी केली, ते सांगितलं नाही. मी फोन मागून घेतला आणि सांगितलं. शेठ एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमच्या एका कागदावर मी चाळीस माणसं बसवणार होतो." आणि फोन ठेवला. हार तसाच काचेवर ठेवून थोरले भाऊ, तेही पूर्वी ट्रक चालवायचे, बस पार्किंगला पोचवून आले.

सोमवारी डॉक्टर मॅडमसमोर उभी राहिले. त्या रागावल्या नाहीत. कोरा कागद पुढे सरकवून म्हणाल्या, "काय केलंत ते क्रमानं लिहा आणि सही करा. पेशंटच्या फाईलला लावते." तो कागद अजून त्या फाईलमध्ये असेल. नोकरी गेली नाही, ते त्यांच्यामुळे. माझ्या मालकांना त्यांनी सांगितलं होतं, ही स्वतः येऊन बोलली आहे.

मग जे महिन्यापूर्वी करायला हवं होतं ते केलं. पाण्याची टाकी जोडली, ओलावा चारवर. पंखा उशाकडून पायथ्याला नेला. मिशीचा विषय काढल्यावर सोपानरावांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो सोडून दिला आणि नाकपुड्यांना नुसता टेकणारा छोटा मास्क आणला, जो मिशीला शिवतच नाही. मशीन पाचपासून सुरू होऊन वीस मिनिटांत हळूहळू बारावर जाईल असं लावलं. तोवर माणसाला झोप लागलेली असते, जोर जाणवत नाही. या सोयी त्या मशीनमध्ये पहिल्या दिवसापासून होत्या. टाकी जोडायची जागासुद्धा.

चार दिवसांनी अलकाताईंचा फोन आला. "ताई, काल रातीला मी लय येळ जागी व्हते. कायबी आवाज न्हाई. मला भ्या वाटलं. छातीवर हात ठेवून बघितलं. चालू हुतं सगळं."

महिन्यानं कार्ड आणलं. या वेळी मी दुसरं पान आधी उघडलं. तासाला तीन. डॉक्टरांनी पत्र दिलं. पण मधल्या काळात शेठनी सोपानरावांची बस दुसऱ्या ड्रायव्हरला देऊन टाकली होती. ज्या बसला त्या रविवारी हार घातला होता, ती त्यांना पुन्हा कधी मिळाली नाही. ते नुकसान माझ्या हातून झालं, आणि ते भरून आलं असं मी म्हणणार नाही.

दोन महिन्यांनी मोशीच्या बाजूला नवा रूट निघाला, तेव्हा तो सोपानरावांना देण्याआधी शेठनी मला पार्किंगमधल्या ऑफिसात बोलावलं. डॉक्टरांचं पत्र आणि माझी दोन्ही पानं त्यांच्या टेबलावर होती.

"मला यातलं काही वाचता येत नाही," ते म्हणाले. "मागच्या वेळी वाचता येतंय असं वाटलं, तर काय झालं बघितलंत. तुमची खात्री आहे का?"

"आहे."

"मग पहिल्या दिवशी तुम्ही बसायचं गाडीत. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर. चाकणच्या गेटपर्यंत."

"बसते," मी म्हटलं.

जनरल शिफ्टची बस. सकाळी सातला मोशीच्या चौकात मी चढले. सोपानरावांनी इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता. मला बघून नुसती मान हलवली, काट्यावर नजर टाकली, हवा भरेपर्यंत थांबले आणि मग गिअर टाकला. थांब्याथांब्यावर कामगार चढत गेले. डबे मांडीवर, आयकार्ड गळ्यात. कुणी आदल्या रात्री उशिरापर्यंत ओव्हरटाइम केलेलं, कुणी खोलीवर सहा जणांत दाटीवाटीनं झोपून. सीटवर टेकले की दोन मिनिटांत माना खाली. रस्ता खराब, ट्रकांची रांग, हॉर्न, पण एकही जण डोळे उघडत नव्हता. स्पाइन रोड सोडून आम्ही हायवेला लागलो तेव्हा मी मागे वळून बघितलं. शेवटच्या सीटपर्यंत सगळी बस झोपली होती. कुणाची मान खिडकीला, कुणाची शेजारच्याच्या खांद्यावर.

मी पुन्हा पुढे बघितलं. सोपानराव रस्त्याकडे बघत होते.